तुरीची काडी

पुणे,
२० नोव्हेंबर २००८

ती. सौ. आक्कास,
भाग्यश्रीचा शि. सा. नमस्कार.

दाजींचा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली की त्यांना जिना चढवत नाही, म्हणून आठवण झाली. उत्कर्षाच्या साखरपुड्याची तयारी जोरात असेल. दिवाळीला मी आले नाही. तू बोलावलं नव्हतंस आणि मीही न बोलावता यायला धजले नाही. इकडे माझं बरं चाललं आहे. जेवण वेळेवर होतं. डोळ्यांचा नंबर वाढला.

पत्र लिहिते आहे, कारण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. कागद फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतो, हे मी वकिलीत शिकले.

श्रावणात तुझ्या स्वयंपाकघरात तू मला एक प्रश्न विचारला होतास. तू भाजणी भाजत होतीस आणि माझ्याकडे पाठ होती. "भागी, एका बाईचं घर वाचवायला दुसऱ्या बाईचं घर उघड्यावर आणायचं, हा कुठला न्याय?" त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही येत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी काहीतरी मोठं समजावून सांगणार आहे असं तुला वाटायला नको.

आमच्या ऑफिसात हल्ली कसले कसले दावे येतात, ते तुला ऐकायला आवडायचं. मुलगा अमेरिकेत, त्याच्या वतीने वडील कुलमुखत्यारपत्र घेऊन उभे राहतात आणि न्यायाधीशांसमोर सांगतात, "होय, मला घटस्फोट हवा आहे." त्यांची स्वतःची बायको बाहेर बाकावर बसलेली असते. दुसरं एक जोडपं हिंजवडीला एकाच कंपनीत आहे. दोघे वेगळे राहतात असं कागदावर लिहायचं, पण फ्लॅट एकच, म्हणून त्यांनी फ्रीजचे कप्पे वाटून घेतलेत. माझ्या सीनियर पद्मजाताई म्हणतात, "पूर्वी लोक भांडायला कारण शोधायचे, आता वेळ शोधतात." त्या सदाशिव पेठेतल्या. हसतात तेव्हासुद्धा चेहऱ्यावर काही दिसत नाही.

ललिताबाईंचा दावा असा नाही. तो आपल्यातलाच आहे, म्हणून तर हे सगळं झालं.

तुला मी तेव्हा घाईत सांगितलं होतं, तूही अर्धवटच ऐकलंस. म्हणून पुन्हा लिहिते. ललिताबाई मांजरी गावच्या. पहिला नवरा दारू पिऊन मारायचा. पंच बसले, काडीमोड झाला, आणि दोन वर्षांनी त्यांचं रामदासांशी लग्न लागलं. सगळा गाव जेवला. पुढे रामदासांचे भाऊ त्यांना जन्मभर वहिनी म्हणत होते. उसाचं रान होतं तोवर कुणाला काही आठवलं नाही. मग उसाच्या जागी बारा मजली इमारती आल्या आणि सगळा गाव एकदम कायदा शिकला. रामदास गेल्या वर्षी गेले. तेरावं झालं आणि दिरांनी दावा लावला: हिचा पहिला नवरा जिवंत आहे, कोर्टातून सोडचिठ्ठी झालेली नाही, म्हणून ही आमच्या भावाची बायको नव्हतीच.

कायदा काडीमोड मानतो, आक्का. पण समाजात तशी जुनी रीत होती, हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी माणसं लागतात, नावं लागतात. मी पावसाळाभर दारोदार फिरले. ज्यांच्या घरात काडीमोड झाल्याचं आई सांगायची, त्या प्रत्येक घरी गेले. प्रत्येकाने चहा दिला आणि सांगितलं की होत असे, पण आमच्यात नाही, पलीकडच्या आळीत. पलीकडच्या आळीत गेले की ते अलीकडे बोट दाखवायचे. एका म्हातारीने तर मला हळूच विचारलं, "बाय, माझा नातू कम्प्युटरमध्ये हाय. त्याला कळलं म्हंजी?" ती स्वतःच काडीमोड झालेली. तिच्या भिंतीवर नातवाचा परदेशातला फोटो होता. मी चहा संपवला आणि उठले.

मग तुझ्याकडे आले, साक्ष देशील का विचारायला. तू नाही म्हणालीस, आणि नाही म्हणण्याचा तुला अधिकार होता. उत्कर्षाला माहीत नाही. पोराकडच्यांना माहीत नाही. तू म्हणालीस, "बावीस वर्षं मी त्या माणसाचं नाव तोंडातून काढलं नाही, आता कोर्टात काढू?" दाजी दारात उभे होते. ते चपला घालून बाहेर गेले. मी खोटं बोलणार नाही. त्या दिवशी परतताना मला तुझा राग आला होता. मी वकिलीच्या पुस्तकांसकट तुझ्या घरी पाच वर्षं राहिले. तू माझा डबा भरायचीस आणि धायरीभर सांगत सुटायचीस की आमच्या घरातली ही पहिली पदवीधर. तरी राग आला. बसमध्ये बसल्यावर लाजही वाटली.

त्यानंतरचं तुला माहीत नाही.

सप्टेंबरच्या तारखेला दिरांच्या बाजूने साक्षीला कोण आलं असेल? दत्तोबाकाका. पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल. त्यांनी शपथ घेऊन सांगितलं, "आमच्यात असली रीत कधीच नव्हती, बाईसाहेब. लग्न म्हणजे जन्माची गाठ." उलटतपासणी मलाच घ्यायची होती. मी विचारलं, तुम्ही कधी काडीमोडाला पंच म्हणून बसला होतात का? म्हणाले, "नाही." माझ्याकडे बघून म्हणाले, आक्का. डोळ्याची पापणी हलली नाही.

त्यांनीच तुझ्या हातात काडी दिली होती. मी सात वर्षांची होते, आईच्या मांडीला टेकून पारावर बसले होते. तुरीची वाळलेली काडी होती. एक टोक त्या माणसाने धरलं, एक तू. दत्तोबाकाका म्हणाले, "मोडा," आणि ती मोडली. मला वाटलं होतं मोठा आवाज येईल. आलाच नाही. मग सगळ्यांना गुळाचा खडा दिला. घरी येताना बैलगाडीत तू तुझ्याकडचा तुकडा मोडत राहिलीस, मोडत राहिलीस, चिमूटभर भुसा उरेपर्यंत, आणि मग हसायला लागलीस. आई घाबरली. मला मात्र फार बरं वाटलं. त्या लग्नानंतर तू पहिल्यांदाच हसत होतीस.

हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पुढचा प्रश्न तयार होता: माझ्या बहिणीचा, मुक्ताईचा काडीमोड तुम्ही केला की नाही? मी तो विचारला नाही. तेव्हा न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून मला म्हटलं, "वकीलबाई, रीत होती म्हणता, तर एक तरी बाई दाखवा." मी उभी राहिले आणि पुढची तारीख मागून खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात दत्तोबाकाका माझ्याजवळ आले. डोक्यावर हात ठेवला. "वकील झालीस, बरं वाटलं. थोरलीला विचारलं म्हणून सांग. पोरीचं जमतंय म्हणे?"

बस, एवढंच. तुझ्या मौनाच्या जिवावर ते माझ्यासमोर खोटं बोलले आणि वर तुझी खुशाली विचारून गेले. गप्प राहून तू सुरक्षित आहेस असं तुला वाटतं ना, आक्का? तुझा दोर त्यांच्या हातात आहे, आणि तो त्यांच्या हातात आपण दिला आहे. आणखी एक सांगते, हे वकील म्हणून. आपल्या समाजात काडीमोडाची रीत नव्हती, असं एकदा निकालात लिहिलं गेलं की ते फक्त ललिताबाईंपुरतं राहत नाही. उद्या दाजींच्या भावकीतल्या कुणालाही तो कागद दाखवता येईल.

ललिताबाईंना मी सगळं सांगितलं. लपवणं मला जमलं नाही. मला वाटलं होतं त्या हात जोडतील. त्या गुलटेकडीला मार्केट यार्डात कांदे निवडायला जातात आता, हातांना तो वास होता. त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "नको, वकीलबाई. माझ्यापायी तुमच्या बहिणीचं नको. मी बायको होते का नव्हते, ते त्यांना ठाऊक होतं. ते गेले." मी हो म्हटलं.

नंतर मी त्यांचं वकीलपत्र सोडलं. हे वाचून तुला हायसं वाटलं असेल. थोडं थांब.

पद्मजाताईंना कारण सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकलं, फायलीवरची नाडी बांधली आणि म्हणाल्या, "वकिलाने साक्षीदार होऊ नये आणि साक्षीदाराने वकील. तुला यांतलं काय व्हायचंय, ते जेवायच्या आधी ठरव. मला पित्त होतं." मी म्हटलं, आता तुम्हीच ललिताबाईंचं काम बघा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बहिणीला विचारलंस?" मी म्हटलं, विचारलं होतं. "काय म्हणाली?" मी फाईल त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी तोच होकार धरला. ललिताबाईंची समजूत कशी काढली ते त्यांनी मला सांगितलं नाही.

म्हणजे बघ, ज्या दोघींचा हा प्रश्न होता, त्या दोघींनीही मला नको म्हटलं होतं. मी कुणाचं ऐकलं, ते मला धड सांगता येत नाही. कदाचित त्या बैलगाडीतल्या पोरीचं. ही काही न्यायाची गोष्ट झाली नाही, हे मला कळतं. घरातल्या पहिल्या पदवीधराने केलेला हा शहाणपणा की उद्धटपणा, ते तू ठरव.

आक्का, हे पत्र परवानगी मागायला लिहिलेलं नाही. परवा मंगळवारी मी पिंजऱ्यात उभी राहून साक्ष दिली. बंद दालनात घ्या, अशी विनंती केली होती, ती मान्य झाली. पण दिरांची माणसं आत होतीच, तेव्हा दत्तोबाकाकांना त्याच संध्याकाळी कळलं असणार. ती बातमी धायरीला पोचायला वेळ लागणार नाही. म्हणून पाया पडून सांगते, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत उत्कर्षाला तू सांग. काडी कशी मोडली ते सांग, हसलीस तेही सांग. ती ऐकून घेईल असं मला वाटतं. पोराकडचे ऐकतील का, ते मला ठाऊक नाही. साखरपुडा मोडला तर तो मी मोडला. तू तसं सगळ्यांना सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही. तू बोलावल्याशिवाय मी येणारही नाही.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी हसत विचारलं, "म्हणजे आपल्या भगिनी पहिला पती हयात असताना दुसऱ्याबरोबर राहतात?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला एकच नवरा आहे. त्यांचं नाव ज्ञानदेव." न्यायाधीशबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

मग टाइप करणाऱ्या बाईंनी तुझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचे हात मशीनवर थांबले. काडीमोड खरा धरायचा की नाही याचा निकाल लागायचा आहे, म्हणून असेल. त्यांनी मान वर करून विचारलं, "नावाआधी सौ. लिहू का?"

मी लिहायला लावलं, आणि खाली सही करून आले.

तुझी,
भागी