हिसकलेली परात

आई, तुम्हाले जाऊन तीस वर्षं झाली. आज मी तुमच्याशी भांडायले बसली, तर भांडणच सापडून नाही राहिलं, म्हणून लिहून राहिली. चौथी शिकलेली सून काय लिहिते म्हणून हसाल. हसा. जिवंतपणी सुनेसमोर फार कमी हसल्या तुम्ही.

झालं असं, की रायपूर राजधानी झाल्यापासून इथं काय काय शिकवाले लागले. माझी नात, तुमची पणती, सुट्टीत ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या एका बाईकडे ब्रेड शिकायले जाते. बिना खमीरचा, पीठ न आंबवता. मैदा, दही, खायचा सोडा, आणि कुकरात मीठ तापवून, शिटी काढून भाजायचा. मी म्हटलं, पोट्टीच्या हातात जोर नाही, मी मळून देतो. पोळ्यांची कणीक मळावी तशी मनगट लावून मळाले बसली. तर पोट्टी धावत आली आणि माझ्या हातातून परात हिसकली.

“दादी, क्या कर रही हो! इसको गूंथते नहीं. दही पड़ा कि बस मिलाओ और चढ़ाओ, नहीं तो पत्थर बनेगा.”

“हे तुले कोणं सांगितलं?”

“मैडम ने. पहले दिन ही.”

मी पाटावरच बसून राहिली. कारण आई, पंचेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या हातातून परात अशीच हिसकली होती. तुमच्या पोराले, माझ्या मालकाले, मोतीझिऱ्याचा ताप आला होता, डॉक्टर म्हणे ब्रेड द्या, आणि बेकरीचा पाव तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हत्या. म्हणून तुम्ही दही-सोडा घालून, गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, रेती तापवून घरीच करत होत्या. मी नवी सून, तीही दुसऱ्या जातीची, तुमच्या मनाविरुद्ध आलेली. हौसेनं मळाले बसली. तुम्ही एक शब्द न बोलता परात ओढली. शेजारीण दारातून पाहून राहिली होती. मी समजली, माझा हात लागलेलं तुम्हाले पोराच्या तोंडात नाही घालायचं. त्या दिवसापासून मी तुमच्याशी ‘हव’ आणि ‘नाही’, याच्या वर बोलली नाही.

आता मी काय समजू? तुम्ही पीठ वाचवलं का जात? पीठ म्हणावं, तर वर्षभर माझा पाण्याचा गडवा वेगळा ठेवला, तो काही मळल्यानं कडक होत नव्हता. जात म्हणावं, तर ब्रेड निघाल्यावर गरम गरम पहिला तुकडा माझ्या ताटात काहून टाकला? मी तो गायीले चारला, तुम्ही पाह्यलं, आणि तरी काही नाही बोलल्या. शेजारणीशी तर घंटाभर चालायचं तुमचं तोंड. ‘कडक होते बाई’ एवढे तीन शब्द जड झाले का?

नातीचा ब्रेड चांगला झाला. खालून थोडा करपला, सोड्याचा वास आला. मी दोन तुकडे खाल्ले आणि खाता खाता मले समजेना, की राग कोणावर धरून बसली मी. टाकून द्यावा तर तो गडवा समोर येते. ठेवावा तर पोट्टी डोळ्यांसमोर येते, परात घेऊन उभी, पीठ भाजायले टाकायची घाई, आजीच्या मनात काय चाललं याची तिले खबरही नाही. तुम्हालेही नव्हती का? का होती? एक काहीतरी धर म्हणते डोकं, आणि मले दोन्ही खरं वाटते.

हे कुठं धाडू? नातीच्या वहीचं मागचं पान आहे, उद्या फाडून टाकीन. पण टाकायच्या आधी एक सांगतो.

तुमचे दात गेल्यावर तुम्ही एकदा मले तोच ब्रेड मागितला होता. मी म्हटलं, मले येत नाही. तुम्ही म्हटलं, “सोपा आहे वं. बस इथं, सांगतो. त्यात एकच गोष्ट ध्यानात ठेवा लागते.” मी म्हटलं, नळ आला, पाणी भरून येतो, आणि बादली घेऊन निघून गेली.

नळ आला नव्हता, आई.