यान सात घरी आणण्याबाबत

हो वकीलसाहेब, आहे मी शुद्धीवर. आज गुरुवार, खाली शिंपीणबाईंचं दूधवाल्याशी भांडण चाललंय आणि तुमच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय. आणखी पुरावा हवा असेल तर पाढे म्हणून दाखवते.

तर मी, वय वर्षं एक्क्याऐंशी, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, टीव्हीवरची 'यान सात' ही मालिका लिहिणाऱ्या माणसाची बायको आणि गेली सहा वर्षं विधवा, कुणाच्या धाकाने नाही की कुणाच्या गोड बोलण्याला भुलून नाही, माझ्या मर्जीने आणि माझ्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहिते. आधीचं रद्द समजावं. त्यात थोरल्याला जास्त दिलं होतं, कारण त्या आठवड्यात तो फार लाडात आला होता.

कलम १. राहत्या दोन खोल्या थोरल्याला आणि धाकटीला निम्म्या निम्म्या. मात्र स्वयंपाकघराची अडकणारी खिडकी एकट्या थोरल्याची. "आई, सुतार बोलावतो," असं तो बारा वर्षं म्हणतोय. आता बोलावेल.

कलम २. बँकेतली ठेव, असेल तेवढी, नातीच्या शिक्षणाला. तिने विमान चालवायला शिकावं की केस कापायला, त्यात तिच्या बापाने, म्हणजे थोरल्याने, नाक खुपसू नये.

कलम ३. माझी पिठाची चाळणी. ही माझ्या ताब्यात नाही. मालिकेचा दिग्दर्शक, त्याला आम्ही दाढीवाला म्हणायचो, "वहिनी, दोन दिवसांत आणून देतो," म्हणून घेऊन गेला आणि यानाच्या टपावर अँटेना म्हणून ठोकली. कप्तानासमोरची लाल बटणं माझ्या जुन्या कोटाची, ती माफ केली. चाळणी माफ नाही. चार वर्षं दर रविवारी घरोघरी लोक श्वास रोखून अवकाशातले संदेश ऐकायचे, आणि मी मनात म्हणायची, अरे, ती माझी चाळणी आहे!

कलम ४. इथे नीट लक्ष द्या. मालिकेचे हक्क ह्यांनी माझ्या नावावर केलेत. आता तोच दाढीवाला, दाढी पांढरी करून, मालिका पुन्हा सुरू करू म्हणतोय.

तीस वर्षांपूर्वी शेवटच्या भागात यान पृथ्वीजवळ येतं. खाली नियंत्रण कक्षात रेडिओपाशी बसलेली कप्तानाची बायको विचारते, "यान सात, ऐकताय का?" आणि पडदा काळा. यान पोचलं की नाही, कुणालाच कळलं नाही. लोक रडले. पोती भरून पत्रं आली. काय थोर शेवट, असं वर्तमानपत्रांत छापून आलं.

चिडले ते फक्त हे. ह्यांनी शेवटच्या चार पानांत यान घरी पोचवलं होतं. हे तेव्हा अपेंडिक्स काढून इस्पितळात पडलेले. वॉर्डातल्या टीव्हीवर भाग बघितला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दाढीवाल्याने माझी चार पानं कापली." झालं. तो भेटायला आला तर ह्यांनी झोपेचं सोंग घेतलं. त्याला वाटलं, कौतुक डोक्यात गेलं. ह्यांनी विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही. एका ताटात जेवणारे दोघे, चोवीस वर्षं एकमेकांना बघून रस्ता बदलत राहिले.

परवा ह्याच टेबलावर मुलांची जुंपली.

"मालिका परत येणार नाही," थोरला म्हणाला. "ज्याने बाबांचा शेवट कापला त्याच्याच हातात द्यायची?"

"दादा, लोकांना यान घरी आलेलं बघायचंय रे!"

"बाबा जातानासुद्धा त्या माणसाचं नाव घेऊन गेले."

"जाताना ते 'पंखा लाव' म्हणाले. मी होते तिथे."

"आई, तू बोल की काहीतरी!"

मी म्हटलं, "चहा टाकू का?"

आता बोलते. मालिका पुन्हा सुरू व्हावी. दाढीवाल्यानेच करावी. थोरल्याने आडवं येऊ नये. आला तर खिडकीबरोबर गळका नळही त्याचाच. अटी दोन. यान घरी आलंच पाहिजे. आणि आल्यावर रेडिओपाशी बसलेल्या त्या बाईला निदान दोन पानं बोलू द्यावं. कप्तानाने हेल्मेट हातात धरून, खाली मान घालून, उभ्याने ऐकावं. मधे बोलू नये.

कलम ५. माझं शिवणयंत्र दाढीवाल्याला. त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, ठाऊक आहे मला. तरी त्यालाच. खालच्या लाकडी पेटीचा तळ उचलून बघावा.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, अडकलेल्या खिडकीशेजारी.
तारीख: आजचीच, आकडा वकीलसाहेब घालतील.
सही: केली. जरा वाकडी आहे, पण माझी आहे.
साक्षीदार: तळमजल्यावरच्या शिंपीणबाई (भांडण जिंकून वर आल्या). समोरचे निवृत्त पोस्टमन, ज्यांनी ती पत्रांची पोती जिना चढून आणली होती.

झाल्या सगळ्यांच्या सह्या? बसा, उठू नका, खाली अजून एकदा कराव्या लागतील.

ती चार पानं दाढीवाल्याने कापली नाहीत. त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत. इस्पितळातून ह्यांनी शेवटच्या भागाचं पाकीट माझ्याच हाती पाठवलं होतं. बसमध्ये मी ओळीवर बोट ठेवून ठेवून वाचलं. अकरा वर्षांनी कप्तान अवकाशातून येऊन दारात उभा, आणि ती त्याची बायको काय म्हणते? "हात धुवा, जेवायला वाढते." एवढंच! माझंच वाक्य, जसंच्या तसं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हे पुन्हा लिहायला लावते. चार पानं पिशवीत घातली, बाकीची दाढीवाल्याला दिली. त्याने वाचली, डोळे पुसले, "वहिनी, कमाल शेवट केलाय," म्हणाला आणि दुपारपर्यंत चित्रीकरण उरकून मोकळा. मग जो तो त्या शेवटाची वाहवा करायला लागला आणि माझी जीभ उचलेना. चोवीस वर्षं ह्यांनी त्याला शिव्या घातल्या आणि मी समोर बसून भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारत राहिले.

पानं शिवणयंत्राच्या पेटीत आहेत. विसरले नव्हते, पडली नव्हती. दाढीवाल्याचा गुन्हा एकच, चाळणी. पानं मी चोरली.