सडकेकडची खरबुजं

१२ मार्च
सुटलो! कापूसच पेरायची सरकारी सक्ती गेली. टीव्हीवर सांगितलं — ज्याला जे पेरायचं ते पेरा. माझा नवरा मद्राहिम लगेच शेजारच्या अनाजानकडे गेला. तिचा नवरा वारल्यापासून बिचारी एकटी शेत ओढते. "ताई, यंदा दोघं मिळून खरबुजं लावू." तिला धीर नव्हता. यानेच दिला.

८ एप्रिल
आजवर खरबुजं शेताच्या मधोमध लपवायची आणि सडकेच्या कडेला कापूस — जिल्ह्याच्या साहेबांच्या गाडीतून तेवढाच दिसतो. यंदा मद्राहिमने सडकेपासूनच खरबुजं टोकली. सडकेपलीकडे अनाजाननेही.

सासरे बांधावरून एवढंच म्हणाले, "कायदा बदलला रे. सडक तीच आहे."

आम्ही दोघं हसलो. मी हसायला नको होतं.

३० एप्रिल
जिल्ह्याच्या साहेबांचा माणूस येऊन गेला. रागावला नाही. वेलांचं कौतुक केलं, दोन पेले चहा प्यायला. उठताना म्हणाला, "जमीन सरकारी भाडेपट्ट्याचीच ना?" आणि चहा छान होता, असंही.

९ मे
कालव्याला पाणी सुटलं. कापूसवाल्यांचे पाट भरले. आमचा आणि अनाजानचा कोरडा ठणठणीत. मी पाटकऱ्याला टीव्हीवरचं फर्मान ऐकवलं. तो माझ्याकडे बघेना. "मला ठाऊक आहे, वहिनी. पण माझ्यापर्यंत फर्मान पोचत नाही. फोन पोचतो."

१० मे
वेल माना टाकतायत.

१६ मे
मद्राहिम फर्मानाचं वर्तमानपत्रातलं कात्रण खिशात घालून जिल्ह्याला साहेबांकडे गेला. मोठ्या तोऱ्यात! संध्याकाळी परतला तेव्हा कात्रण नव्हतं. काय झालं विचारलं. "मिटलं," म्हणाला. जेवला नाही.

१८ मे
अनाजान तंदूरमधल्या गरम रोट्या घेऊन आली. साहेबांनी ऐकलं का, पाणी येईल का, विचारत होती. "येईल," मद्राहिम म्हणाला. ट्रॅक्टरला तेल घालत होता, मान वर केली नाही. मला मात्र हायसं वाटलं. तिचं ताट ठेवून घेतलं. रिकामं कसं परत द्यायचं?

१९ मे
पहाटे आमच्या पाटात पाणी! मद्राहिमला उठवायला धावले तर अंथरूण रिकामं. ट्रॅक्टरही जागेवर नाही. आवाज सडकेपलीकडून येत होता — मद्राहिम अनाजानची खरबुजं नांगरून काढत होता. जिल्ह्याला "मिटलं" ते हे: तिचे वेल मोडायचे, मग आमच्या पाटाला पाणी. ती बांधावर उभी होती. त्याला थांबवतही नव्हती.

तिचं ताट अजून माझ्याकडेच आहे. त्यात आता काय घालून देऊ?