पांढऱ्या रिळाचं कारण

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणायला आधी घरात कोणी यायला हवं. साथ सुरू झाल्यापासून या दाराच्या आत माझ्याशिवाय कोणी पाऊल टाकलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती रोज फोन करते. "जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?" विचारते आणि "बरं, ठेवते" म्हणते. पोर गुणी आहे. पण बाई गं, कधीतरी तिसरा प्रश्न विचार की!

२. शिलाई मशीन धाकट्या जाऊबाईंना. कात्री त्यांनी बावीस वर्षांपूर्वी "आत्ता आणून देते" म्हणून नेलेलीच आहे. आता मशीन तरी तिच्या सोबतीला जाऊ दे.

३. माझा ऑपरेटरचा जुना हेडफोन आणि निळी वही. याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहाला फोन वाजला. "तांदूळ एक किलो, साबणाच्या दोन वड्या, पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ," पलीकडून पुरुषाचा आवाज. कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर आणि माझा, शेवटचे दोन आकडे तेवढे उलटे. राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचा, एवढंच. पण एकतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिलेल्या तोंडातून निघालं, "आणखी काही?" यादी वहीत उतरवली, पत्ता घेतला आणि दुकानदाराला फोन करून सामान पाठवायला सांगितलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा फोन. पुन्हा पांढरं रीळ.

आमचे हे मला चोंबडी म्हणायचे. मी स्वतःला चौकस म्हणते. आता तुम्हीच सांगा, एकट्या माणसाला दर आठवड्याला एक रीळ लागतं कशाला? शर्टाला बटणं असून असून असतात किती? पण विचारलं नाही. दुकानातलं माणूस असल्या चौकशा करत नाही. बिंग फुटलं असतं आणि माझा मंगळवार गेला असता. खरं सांगते, बाकीचे सहा दिवस घर खायला उठायचं.

म्हणून मूळ कलम असं होतं: हेडफोन आणि वही त्या रीळवाल्या गृहस्थांना द्यावी. शिवाय मुलीनं हा फोन नंबर बंद करू नये, मंगळवारी दहाला तो कोणीतरी उचलावा.

वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार हवेत, समोर उभं राहून सही बघणारे. दुकानदार तयार झाला. दुसरा कोण आणायचा? गेल्या मंगळवारी धीर केला आणि रीळवाल्यांना म्हटलं, "मी दुकानातून बोलत नाही हो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच खेपेला कळलं. दुकानदार कधी 'आणखी काही?' असं तीन-तीनदा विचारतो का?"

वकीलबाईंनी पुढे आणखी एक खोच काढली. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. एक तर साक्ष, नाही तर वस्तू. हे त्यांना कळवलं तर म्हणाले, "वस्तू राहू द्या. साक्षीदाराला तुम्ही दिसाल ना?"

मी वहीत लिहून घेतलं, "साक्षीदार, एक", आणि सवयीनं विचारलं, "आणखी काही?"

सबब वस्तूंचा भाग रद्द. हेडफोन आणि वही मुलीला. वही वाचून तरी तिला तिसरा प्रश्न सुचेल. फोन नंबरची अट कायम.

४. आत्ता दोघे जिन्यात, तोंडाला मास्क लावून, चार-चार पायऱ्या सोडून उभे आहेत. सही करण्याआधी मी दारातूनच विचारलं, "अहो, ते रीळ कशाला लागतं, तेवढं सांगून टाका." रीळवाले हसले; डोळ्यांवरून कळलं. म्हणाले, "ते मंगळवारी. फोनवर."

तेव्हा शेवटची अट: हे मृत्युपत्र येत्या मंगळवारी सकाळी दहाच्या आधी कोणत्याही परिस्थितीत अमलात येऊ नये.

ठिकाण: राहत्या घराचं दार, आतली बाजू
दिनांक: १९ जून, शुक्रवार
लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. दुकानदार (सही)
२. रीळवाले गृहस्थ (सही)