बेंदराच्या दिवशी तपासनीस साहेबांचे बैल रंगल्याबाबत

प्रति,
मे. वरिष्ठ शाळाधिकारी साहेब,
करवीर इलाखा, कोल्हापूर.

विषय : मौजे चिंचमळा (पेठ वडगावजवळ) येथील प्राथमिक शाळेत सणांची चित्रे व मातीकाम पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : तपासनीस रा. नीलकंठराव यांचा मनाईहुकूम, ज्येष्ठ वद्य तृतीया.

महोदय,

अर्जदार लालासाब नबीलाल मुजावर, मास्तर, सदर शाळा, सविनय अर्ज करतो की :

१. मागल्या भेटीत तपासनीस साहेबांनी शेरा दिला होता : मुले शाळेत शिकलेले घरी वापरत नाहीत. शेरा अर्जदाराच्या मनाला लागला. तेव्हापासून दर मंगळवारी तो येणाऱ्या सणाचे चित्र व मातीकाम शिकवू लागला. ज्येष्ठात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण आला, म्हणून मुलांनी मातीचे बैल केले, त्यांची शिंगे रंगवली, आणि बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नसते हेही पाठ केले. ही प्रगती पाहायला साहेब नेमके बेंदराच्याच दिवशी आले, तेही बैल जुंपलेल्या दमणीतून. निघताना गाडीवान कुरकुरला होता म्हणतात. पण गाडीवानाचे ऐकायचे, तर मग तपासनीस कशाला व्हायचे?

२. जेवणानंतर साहेब चावडीत आडवे झाले. बाहेर जुंपलेले बैल पाहून मुले हळहळली. त्यांनी बैल सोडले, ओढ्यावर धुतले, शाळेच्या रंगाने एक शिंग तांबडे आणि एक हिरवे केले, शिंगांना तळलेली गोड कडाकणी बांधली आणि वाजतगाजत मिरवणुकीत नेले. शिकलेले इतक्या तातडीने वापरात येईल, असे अर्जदारास वाटले नव्हते. साहेबांनी उठून गाडी जुंपायला सांगितली, तेव्हा पाटील आकाराम हात जोडून म्हणाले, "साहेब, पोळी खावा, उद्या जावा की. आज जू कुनाच्या बी बैलाच्या मानंवर जायाचं न्हाय." साहेब पायी वडगावला गेले. चिखल बराच होता, बूट हातात होते. गावाला फार वाईट वाटले, पण मिरवणूक अर्धी टाकून येणे कुणाला जमले नाही.

३. हुकुमात पहिला दोष असा की, पोळा श्रावणी अमावास्येला असून अर्जदाराने तो ज्येष्ठात ओढला. अर्जदाराचा सणांवर एवढा ताबा असता, तर त्याने दिवाळी दरमहा आणली असती. साहेब पुण्याकडचे. इकडे ज्येष्ठी पौर्णिमेला बेंदूर असतो हे सांगायला अर्जदार मागे धावला होता, पण साहेबांची चाल जलद होती. दुसरा दोष, अर्जदार मुसलमान असून हिंदूंचा सण शिकवतो. ही गोष्ट गावाच्या आजवर ध्यानातच आली नव्हती, साहेबांचे उपकार आहेत. अर्जदाराच्या दारी बैलजोडी आहे, बेंदराला त्याची बायको चाँदबी पुरण घालते, आणि मोहरमात पाटलांचा मुलगा पंजा उचलतो. आता कोणी कोणाचे काय परत करायचे, याचाही एकदा हुकूम व्हावा.

४. हुकुमाप्रमाणे मंगळवारी आता फक्त सरळ रेघा काढतात. सणाचे चित्र पुन्हा काढले, तर अर्जदाराला नोकरीवरून कमी करावे असेही त्यात आहे. पूर्वी मंगळवारी मुले शाळा उघडण्याआधी दारात उभी असत. आता मंगळवारीच कुणाची शेळी हरवते, कुणाचे पोट दुखते. अर्जदाराला याचे वाईट वाटते. एवढे वाक्य तो सरळ मनाने लिहीत आहे.

परवा बाळाबाई या मुलीने पाटीवर एकच आडवी रेघ काढली. हे काय, असे विचारता ती म्हणाली, "जू हाय, मास्तर. बैल काढायला मनाई हाय न्हवं?" अर्जदाराने रेघ तपासली. सरळ होती. पूर्ण गुण दिले.

तरी नागपंचमीपूर्वी परवानगी मिळावी. न मिळाल्यास ती मुलगी त्याच रेघेला फणा काढील. अर्जदार तिला अडवणार नाही. मग हुकुमाप्रमाणे त्याला खुशाल कमी करावे.

आपल्या आज्ञेत आजवर राहिलेला,
लालासाब नबीलाल मुजावर
मौजे चिंचमळा
आषाढ शुद्ध दशमी, शके १८४१