चौथा खांदा

बुधवार, १४ ऑक्टोबर
दुपारचे तीन

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर पाकिटातच राहू देत, मी परत मागणार नाही.

खडखडखड, आणि मग जरा थांबून एकटा खट्. आठवतो का तुला तो शेवटचा खट्? आबांनी तीन पलंगांचे बारा पाय कातून, पॉलिश मारून अंगणात वाळत उभे केले होते. तू उरल्यासुरल्या लाकडाचा चेंडू घरंगळत सोडलास. अकरा पाय एकदम आडवे झाले. बारावा डुलत राहिला, कुणी आग्रह करील म्हणून वाट पाहिल्यासारखा, आणि मग पडला. मी ओसरीवर दुसऱ्या दिवशीची कविता पाठ करत होतो. आबांनी विचारलं, "कोणी पाडले?" मी पुस्तकातून मान न काढता तुझ्याकडे बोट केलं. तुझ्या पाठीवर काय वाजलं ते मी ऐकलं नाही. माझं तिसरं कडवं चालू होतं.

असो. खुशालीचं लिहितो.

या शहरात येऊन सात महिने झाले. मुलाने चौदाव्या मजल्यावर घर घेतलं आहे. इतक्या उंचीवरून माणसं मुंग्यांसारखी दिसतात असं म्हणायची पद्धत आहे. मला ती माणसांसारखीच दिसतात, हेच वाईट. मुलगा दिवसभर कानात यंत्र घालून हवेशी बोलतो. सूनबाई गुणी आहे, पण तिला वाटतं की म्हातारा माणूस हा कुंडीसारखा असतो, दर चार दिवसांनी उन्हात हलवावा.

"बाबा, खिडकीशी बसून पुटपुटत असता. शेजारच्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?"

"कविता म्हणतो मी."

"तेच. त्यापेक्षा बोलिंगला जा ना. बुधवारी सकाळी ज्येष्ठांसाठी असतं."

"या वयात मला चेंडू देणार कोण, आणि धावणार कोण?"

"क्रिकेटचं नाही हो. घरंगळत सोडायचा."

तर मी बोलिंगला जाऊ लागलो. सांगतो तुला ते काय असतं. मोटारीचं गॅरेज आणि वाढदिवसाचा हॉल यांचं लग्न लावलं तर जे कार्टं होईल, तशी ती जागा. गेल्या गेल्या तुमचे बूट काढून घेतात आणि कुणीतरी घातलेले देतात. टाचेवर हा एवढा आकडा, म्हणजे तुमच्या पायाचं माप सगळ्या गावाला कळावं. मग तीन भोकांचा चेंडू. तो तेल लावलेल्या लांब पट्टीवर सोडायचा, पलीकडे बाटलीच्या आकाराच्या दहा पिना उभ्या असतात, त्या पाडायच्या. पाडल्या की यंत्र पुन्हा उभ्या करतं. म्हणजे पाडण्याला काही अर्थ राहू नये याची पक्की व्यवस्था. पट्टीच्या दोन्ही बाजूंना गटार. माझा चेंडू त्यातून इमानाने जातो आणि वरच्या पडद्यावर एक बदक मला हसतं. चाळीस वर्षं पोरांना शिकवून हे दिवस.

मंडळी तर बघायलाच नकोत. एक निवृत्त दातवाले डॉक्टर आहेत, ते अजूनही समोरच्याच्या तोंडात बघूनच बोलतात. एक बँकवाल्या बाई आहेत. एक पिन पडली तरी स्वतःच टाळ्या वाजवतात आणि नऊ राहिल्या त्यांच्याकडे पाठ करतात. त्यांना कविता म्हणजे मोबाइलवर सकाळी येतो तो गुलाब.

"मास्तर," दातवाले म्हणाले, "चेंडू आहे तो. खडूसारखा नका धरू."

"आणि तुम्ही दाढेसारखा उपटू नका," मी म्हटलं.

पहिल्याच दिवशी सोडून देणार होतो. बुटाची नाडी सोडायला वाकलो होतो, इतक्यात दातवाल्यांचा चेंडू लागला. खडखडखड. आणि एकटा खट्.

त्यानंतर एक बुधवार चुकवला नाही. घरी सांगतो, व्यायामाला जातो. तिथे बाकावर डोळे मिटून बसतो.

"झोपलात की काय, मास्तर?"

"ऐकतोय."

"काय?"

"तुम्हाला कळणार नाही."

त्यांना कळणार नाही हे मी किती सहज म्हणतो, धाकट्या. आयुष्यभर म्हणत आलो. आबांना कळणार नाही, तुला कळणार नाही. शाळेत मी सांगायचो की आमचा फर्निचरचा व्यवसाय आहे. कातारी हा शब्द माझ्या तोंडातून कधी गेला नाही. शब्दांचा मी एवढा शौकीन.

मला वाटत होतं त्या पिना प्लॅस्टिकच्या. यंत्र सांभाळणारा एक गृहस्थ आहे, काळवंडल्या हातांचा, कानात कापसाचे बोळे. त्याला म्हटलं, "या पोकळ डब्यांना एवढा चांगला आवाज कुठून?"

तो हसला. "आत अख्खं लाकूड आहे, मास्तर. वरून नुसता कोट. कातलेल्या आहेत." आणि तडकलेली एक पिन माझ्या हातात दिली. "घेऊन जा. भंगारात जाणार होती."

घरी आणून सूनबाईच्या भाजीच्या सुरीने कोट सोलला. सुरी गेली, तिने तोंड फुगवलं. पण आत त्या होत्या, आबांनी कातलेल्या पायांवर असायच्या तशा, केसाएवढ्या बारीक गोल रेघा. मी त्यांच्यावरून नख फिरवत संध्याकाळपर्यंत बसलो. एकही ओळ आठवली नाही.

ती पिन तुला पाठवली. पेपरवाल्याला चिठ्ठी लिहितानाही जो उपमा घालतो त्याने पार्सलमध्ये एक शब्द घातला नाही. पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा पोस्टातल्या बाईने दटावला म्हणून लिहिला. अठरा दिवस झाले. तू घेतलं नसशील. परत यायला निघालं असेल.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो, इतका वेळ गटारातूनच चाललोय.

सहा वर्षांपूर्वी तुझी बायको गेली, तेव्हा मला ताप नव्हता. शाळेत पाठांतराची स्पर्धा होती आणि मी परीक्षक होतो. तुझा निरोप खिशात ठेवून मी बत्तीस मुलं ऐकली. मग घरी येऊन, उडून गेलेल्या पाखराबद्दलच्या चार ओळी सुवाच्य अक्षरात लिहून तुला पाठवल्या. मला वाटलं, येण्यापेक्षा हे मोठं आहे. खरं सांगू? तुझ्या भुशाने भरलेल्या अंगणात, तुझ्या लोकांमध्ये, इस्त्रीच्या कपड्यांत उभं राहायची मला लाज वाटली होती. आणि ती माझ्या पानात गरम पोळी वाढताना दर वेळी म्हणायची, "भाऊजी, एक कविता म्हणा ना." घरात असं म्हणणारी ती एकटीच.

तुझं कार्ड आलं. तोंडपाठ आहे मला. "ओळी मिळाल्या. चार होत्या. खांद्यालाही चारच लागतात. चौथा शेजारचा लोहार आला."

त्यानंतर तू काही लिहिलं नाहीस. बरोबर केलंस. मी जगात सगळ्यांना तुच्छ मानलं, फक्त ज्याला तसं मानायला हवं होतं त्याची दाढी रोज सकाळी

बेल वाजली. पार्सल परत आलं असणार. सूनबाई दार उघडते आहे.

पोस्टमन एवढा बोलत नाही.

"मास्तर राहतात ना इथे? ही पिन त्यांचीच. भाजीच्या सुरीने सोलल्यासारखं दिसतंय, असं लाकूड सोलतात का कुणी? ओरबाडून ठेवलं होतं. पॉलिश करून आणलंय. त्यांना म्हणावं, एक बाटली एकटी काय पाडायची, बाकीच्या नऊ कुठायत?"

"बाबा, कोणीतरी आलंय."

"आलोच, एवढी ओळ पुरी करतो," मी म्हटलं. सवयीने गेलं तोंडातून.

तू दारातच उभा आहेस, धाकट्या. तुझी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला नाही अजून.

नाही. ओळ अर्धीच राहू दे, मी उठतो

दादा