चिरा मोठा झाला, सर

सर, आज पोट उघडावं लागलं. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "मग ते यंत्र काय चहा पाजायला आणलं होतं?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असलं काही झालं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

लोणी काळभोरची पोरगी. वडिलांचं यकृत पार निकामी झालेलं, आणि ही आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार. धडधाकट, लग्नाची. आईला पोटभर व्रणाची धास्ती, म्हणून रोबोटने, बारीक छिद्रांतून करायचं मी ठरवलं. काल तुमच्या शिस्तीप्रमाणे सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढलं आणि तिच्यापाशी एकटी बसले. "नाही म्हणायचं असेल तर आत्ता सांग. यकृत जुळत नाही असं मी बाहेर सांगेन, तुला कुणी बोल लावणार नाही." ती हसली. "मॅडम, आप्पा वाचू द्या. चिरा केवढाबी होऊ द्या."

पेडल पायाला नीट कळावेत म्हणून मी चपला काढून यंत्रापाशी बसते. पेशंट चार हात लांब, डोळे पडद्यात, माझी बोटं हलतील तशी आत हत्यारं हलतात. यकृत अर्ध्याच्या वर कापून झालं आणि एका शिरेतून रक्त आलं. टाका घातला, सुटला. दुसरा घालायला गेले तर पडदा लाल. रोबोटवरचं आमचं पहिलंच यकृत, सगळे बघतायत, आणि माझा हट्ट काही सुटेना. तेवढ्यात मनाने मी तुमच्या सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात असते, तुमच्या हाताखाली शिकणारी. परदेशी माल नुकता सहज मिळायला लागलाय, तुम्ही हौसेनं दुर्बीण मागवलीय, मी टीव्हीत बघून पित्ताशय काढतेय, रक्त येतंय, मी झगडतेय. तुम्ही शांतपणे म्हणता, "अहो डॉक्टर, पोट पेशंटचं आहे, इभ्रत तुमची. आधी काय वाचवायचं ते ठरवा." सगळ्यांसमोर! काय राग आला होता तुमचा.

"यंत्र बाजूला घ्या, उघडतोय," मी म्हणाले. सहकाऱ्याने आतून बोळा दाबून धरला, मी हात धुऊन टेबलाशी उभी राहिले. रक्त थांबलं. तुकडा शेजारच्या थिएटरात आप्पांना बसला, तो कामालाही लागला, त्यातून पित्त यायला लागलंय. पोरगी शुद्धीवर आली, आधी त्यांचंच विचारलं तिने.

पुढच्या आठवड्यात आणखी एक मुलगी आहे, आईला यकृत देणारी. तिचंही रोबोटनेच करणार. टाका का सुटला ते रेकॉर्डिंग बघून मी शोधून काढलंय, आणि तो टाका हाताला बसेपर्यंत रोज घालणार आहे. या पोरींना लहान व्रण मिळालाच पाहिजे, त्यात मी माघार घेणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक लिहून मोकळी होते. हात आत गेला, गरम यकृत तळव्याला लागलं, आणि मला इतकं बरं वाटलं, सर. त्या पोरीच्या पोटावर एवढा मोठा चिरा, आणि मला माहेरी आल्यासारखं वाटत होतं.